वेल्स गाडीने: चौदा किल्ल्यांचे सात कसे करायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नऊ दिवस, आठ रात्री. मँचेस्टरला उतरायचं, हीथ्रोहून परतायचं. तुम्ही दोघं, अकरा वर्षांची मुलगी आणि एकाहत्तर वर्षांचे सासरे. भाड्याची गाडी स्वतः चालवून वेल्समधले मध्ययुगीन किल्ले आणि समुद्रकिनारे बघायचे. सोबत चौदा किल्ल्यांची यादी जोडलीत आणि तिच्या तळाशी लिहिलंत, "जमलं तर एडिंबरा".

एडिंबरा जमणार नाही, ते आधी खोडा. उत्तर वेल्समधल्या कॉनवीहून तिथे नुसतं पोचायलाच पाच-सहा तास लागतात. उरलेल्या चौदांतले सात ठेवूया. मी गेली सोळा वर्षं इथे छोट्या गटांना गाडीने फिरवते. माझ्या अनुभवात सातांच्या पुढे किल्ले एकमेकांत मिसळायला लागतात आणि मुलं गाडीतून उतरायला नकार देतात.

तुमच्या यादीत किल्ले एका रकान्यात आहेत आणि किनारे दुसऱ्यात. माझ्या मते अडचण तिथेच आहे. वेल्समध्ये ही दोन वेगळी कामं नाहीत. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८३च्या सुमारास उत्तर वेल्स जिंकला आणि लगेच किल्ले बांधायला घेतले, तेव्हा आतला सगळा डोंगराळ मुलूख त्याच्या विरोधात होता. रसद आणायची तर जहाजानेच. म्हणून त्याचे मोठे किल्ले समुद्राला किंवा खाडीला चिकटून आहेत. १२९४ साली मॅडॉग अॅप ल्युएलिन या वेल्श सरदाराने बंड केलं, त्या वेळी हार्लेख आणि क्रिकियेथ या किल्ल्यांना आयर्लंडहून समुद्रमार्गे धान्य पोचलं, म्हणून ते टिकले. तेव्हा रोजचा बेत सोपा होतो: सकाळी किल्ला, दुपारी त्याच किल्ल्याचा समुद्र.

हार्लेखला हे सगळं डोळ्यांनी दिसतं. किल्ला साधारण साठ मीटर उंच कड्यावर आहे. वरच्या तटावर उभं राहून पश्चिमेला बघा. खाली आगगाडीचे रूळ, मग गोल्फचं मैदान, मग वाळूच्या टेकड्या आणि त्यापलीकडे कुठे समुद्र. पण किल्ल्यातून कड्याच्या पायथ्यापर्यंत १०८ पायऱ्यांची बंदिस्त वाट उतरते. तिच्या टोकाला पाण्याकडचा दरवाजा आहे आणि तो आज कोरड्या जमिनीवर उघडतो. बांधला तेव्हा तिथपर्यंत पाणी होतं. सातशे वर्षांत समुद्र मागे सरकला, दरवाजा तिथेच राहिला. मुलीला आधी काही सांगू नका. वर नेऊन "जहाज कुठे लागत असेल?" एवढंच विचारा.

आता अंतरं. इथे सगळं मैलांत असतं आणि तो आकडा फसवतो. उत्तरेतला ए५५ हा हमरस्ता आणि दक्षिणेतला एम४ मोटरवे सोडले, तर वेल्समध्ये तासाला तीस-पस्तीस मैलांच्या वर सरासरी धरू नका. सप्टेंबर २०२३पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे, आणि किनाऱ्याचा रस्ता प्रत्येक गावातून जातो. नकाशावर दोन तास दिसले की मी अडीच धरते, आणि मुलं असतील तर तीन.

मुक्काम तीनच ठेवा: उत्तरेला कॉनवीत चार रात्री, नैर्ऋत्येच्या पेम्ब्रुकशर परगण्यात तीन, इंग्लंडच्या हद्दीवरच्या चेपस्टोला एक. रोज नवं हॉटेल घेणाऱ्यांचा सकाळचा दीड तास बॅगा भरण्यात आणि डिक्की लावण्यात जातो. सासरे बरोबर असताना तर हा नियम मोडूच नका.

तारखांचं म्हणाल, तर मुलीची सुट्टी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आहे असं तुम्ही लिहिलंय. मग जूनचा पहिला पंधरवडा घ्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथल्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा किनाऱ्यावरची राहायची जागा महाग होते आणि पार्किंग सकाळी दहालाच भरतं. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. पण किल्ले उजेडाला जुमानत नाहीत. ते संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतात आणि शेवटचा प्रवेश त्याच्या अर्धा तास आधी. म्हणून किल्ला सकाळी, किनारा संध्याकाळी. उलटा क्रम लावलात तर बंद दरवाजाचे फोटो काढून परत याल.

पहिल्या दिवशी रात्रभराचं विमान उतरून थेट गाडी हातात घ्यायची आहे. मँचेस्टर ते कॉनवी सत्तर मैलांच्या आसपास, दीड-दोन तास. त्यापुढे एक मैलही नको. संध्याकाळी फक्त गावाच्या तटावरून चाला. कॉनवीचा तट सुमारे १.३ किलोमीटर लांब आहे, त्यावर २१ बुरूज आहेत, आणि चालायला पैसे पडत नाहीत. झोप उडवायला तेवढं पुरतं. गाडी मात्र तटाबाहेर लावा. आतले रस्ते एकेरी आहेत आणि वेशीच्या काही कमानी जेमतेम एका गाडीच्या रुंदीच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉनवीचा किल्ला. १२८३ ते १२८७ या चारच वर्षांत गाव आणि किल्ला मिळून हे काम उठलं, आणि त्या काळचे सुमारे १५,००० पौंड त्यावर गेले. बांधकामाचा मुख्य माणूस होता सॅव्हॉयहून आलेला मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज.

गडकिल्ले चढायची सवय असलेल्या माणसाला इथे पहिला धक्का पार्किंगचा बसतो. गाडी लावली की पाच-दहा मिनिटांत दारात. चढण असते ती आत, बुरुजांच्या जिन्यांत. जिना गोल, दगडी, पायऱ्या मध्ये झिजून वाटीसारख्या झालेल्या. आतल्या अंगाला पाय टेकवायला चार बोटं जागा, त्यामुळे चालायचं बाहेरच्या भिंतीकडून. वरून कुणी उतरत असेल तर एकाने भिंतीला पाठ लावून थांबायचं. पाऊस पडून गेला असेल तर दगड बुळबुळीत होतो. सासऱ्यांच्या गुडघ्यांबद्दल तुम्ही लिहिलंत म्हणून सांगते: कॉनवीला त्यांनी खालची दालनं बघावीत आणि नदीकडच्या भिंतीपाशी बसावं, बुरूज तुमच्यासाठी. उलट कर्नार्वनला प्रवेशद्वारावरच्या गच्चीपर्यंत लिफ्ट आहे. २०२३मध्ये सुरू झाली. आणि बोमॅरिस जवळजवळ सपाट आहे, तिथे ते तुमच्या पुढे चालतील.

दुपारी लँडिड्नोचं ग्रेट ऑर्म हे भूशिर. त्याला वळसा घालणारा मरीन ड्राइव्ह हा एकेरी रस्ता आहे, त्याला छोटासा टोल पडतो. एका बाजूला चुनखडीचा कडा, दुसऱ्या बाजूला सरळ समुद्र. या कड्यांवर रानटी झालेल्या काश्मिरी शेळ्या आहेत. राणी व्हिक्टोरियाच्या विंडसरच्या कळपातून त्यांचे पूर्वज इथे आले. मुलीला किल्ल्याचं नाव आठवणार नाही, शेळ्या आठवतील.

तिसरा दिवस अँगलसी बेटाचा. बोमॅरिस हा एडवर्डच्या किल्ल्यांतला शेवटचा, १२९५ साली सुरू केलेला, आणि कधीच पुरा न झालेला. पैसा आणि लक्ष दोन्ही स्कॉटलंडकडे वळलं. तटाच्या आत तट, चारी बाजूंनी सारखा, भोवती पाण्याचा खंदक. मापं इतकी नेटकी की अर्धवट राहिलेले बुरूज लवकर लक्षात येत नाहीत. समुद्राकडच्या दाराशी छोटी गोदी आहे, भरतीच्या पाण्यावर जहाज थेट तटाला लागायचं. दुपारी न्यूबरोचा किनारा आणि त्याच्या टोकाचं लँडविन बेट.

इथे भरती-ओहोटीचं नीट सांगायला हवं, कारण भटकंतीवाले तेच विसरतात. लँडविनपर्यंत वाळूवरून चालत जाता येतं, पण उधाणाच्या भरतीला वाट पाण्याखाली जाते. निघण्याआधी तारखा टाकून भरतीचे तक्ते काढून ठेवा, उत्तरेसाठी होलीहेडचे, दक्षिणेसाठी मिलफर्ड हेवनचे. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला असेल तर सातव्या दिवशी ती संध्याकाळी सहाच्या पुढे गेलेली असेल. त्यावरून कुठला किनारा कुठल्या दिवशी हे ठरतं. आणि तक्ता ग्रिनिचच्या वेळेत असेल तर उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवायचा. या कामाच्या पहिल्या वर्षी मी तो तास विसरले. चार पाहुणे हातात बूट धरून गुडघाभर थंडगार पाण्यातून परत आले, त्यातल्या एका काकूंनी संध्याकाळपर्यंत माझ्याशी अक्षर काढलं नाही.

चौथा दिवस कर्नार्वन. बाकीच्यांचे बुरूज गोल, याचे अनेककोनी, आणि भिंतीत वेगळ्या रंगाच्या दगडांचे पट्टे. कॉन्स्टँटिनोपलच्या तटाची आठवण करून द्यायला ते तसे केले असं मानतात. दुसरा एडवर्ड १२८४ साली इथेच जन्मला, आणि १९६९मध्ये चार्ल्सला 'प्रिन्स ऑफ वेल्स' म्हणून समारंभाने बसवलं तेही इथेच. याला तीन तास द्या. परतताना लँबेरिसची खिंड घ्या. मात्र खिंडीच्या माथ्यावरचं पेन-अ-पास पार्किंग हंगामात आधी बुक करावं लागतं. नसेल केलं तर तिथे थांबायचा विचारही नको, गाडीतूनच बघा.

पाचवा दिवस एकच जड आहे. कॉनवीहून ए४७०ने, पाटीच्या दगडांच्या राखाडी ढिगाऱ्यांमधून, सव्वा तासात हार्लेख. दीड तास किल्ला. मग बार्मथमार्गे खाली ॲबरिस्टविथ, तिथे जेवण, आणि पुढे कार्डिगन, फिशगार्ड करत पेम्ब्रुकशर. हार्लेखच्या पुढे साडेतीन ते चार तास गाडीतच आहेत. नऊला निघालात तर जूनच्या उजेडात निवांत पोचाल. दोघांनी आळीपाळीने चालवा. हार्लेखात गाडीचा नकाशा तुम्हाला फोर्ड पेन लेख नावाच्या गल्लीत घालू पाहील. २०१९मध्ये जगातला सर्वांत तीव्र उताराचा रस्ता म्हणून तिचं नाव गाजलं, पुढच्या वर्षी तो मान न्यूझीलंडच्या रस्त्याकडे परत गेला. पायी बघा, गाडीने नको.

पेम्ब्रुकशरमध्ये हॅवरफर्डवेस्टच्या आसपास राहा. गाव दिसायला साधं, पण सगळीकडे अर्ध्या-पाऊण तासात जाता येतं. सेंट डेव्हिड्सला राहायचा मोह होईल, तिथून पेम्ब्रुकला रोज तासभर जाईल.

सहाव्या दिवशी पेम्ब्रुकचा किल्ला. हा एडवर्डचा नव्हे, त्याच्या आधीच्या नॉर्मन सरदारांचा. मधला उंच गोल बुरूज विल्यम मार्शलने बांधला, आणि ट्यूडर घराण्याचा पहिला राजा सातवा हेन्री १४५७ साली या किल्ल्यात जन्मला. चुकवू नये अशी जागा मात्र जमिनीखाली आहे. अरुंद गोल जिन्याने उतरलात की वोगन नावाची प्रचंड नैसर्गिक गुहा लागते, नदीकडे तोंड असलेली, आणि त्या तोंडाला भिंत घालून दार ठेवलेलं. पुन्हा तीच गोष्ट: माल पाण्यावरून आत.

दुपारी बॉशर्स्टनची कमळतळी. वाट सपाट, शेवटी थेट ब्रॉड हेवनच्या वाळूवर निघते. सासऱ्यांसाठी याहून चांगली चाल या किनाऱ्यावर नाही, आणि जूनमध्ये कमळं फुललेली असतात. बॅराफंडलची खाडी फोटोत सुंदर दिसते आणि आहेही, पण तिथे रस्ता जात नाही. स्टॅकपोल धक्क्यावरून चालत, पायऱ्या उतरून जावं लागतं. कड्याच्या कपारीत बांधलेलं सेंट गोव्हन्सचं चॅपेल आणि 'ग्रीन ब्रिज' ही दगडी कमान बघायची असेल, तर आधी चौकशी करा. तो भाग लष्कराच्या गोळीबाराच्या सरावाचा आहे. लाल बावटा लागला की रस्ता बंद, आणि बहुधा हे कामाच्या दिवशीच होतं. सरावाच्या वेळा आधी जाहीर होतात, त्या बघून दिवस ठरवा.

सातवा दिवस मोकळा ठेवा. हवा चांगली असेल आणि बोटीची तिकिटं आधीच घेतली असतील तर स्कोमर बेट. जूनमध्ये पफिन पक्षी हजारोंनी असतात, जुलै संपता संपता निघून जातात. बेटावर चढायला धक्क्यावरून बऱ्याच पायऱ्या आहेत, तेव्हा एकाने सासऱ्यांबरोबर सेंट डेव्हिड्सला थांबावं. ब्रिटनमधलं हे सर्वांत छोटं शहर. वस्ती दोन हजारांच्या आत, पण कॅथेड्रल आहे म्हणून शहर. संध्याकाळी सगळे न्यूगेलच्या लांबलचक वाळूवर. रस्ता किनाऱ्याला लागूनच आहे, कुणालाच चालावं लागत नाही.

आठव्या दिवशी केरू: किल्ला, त्याच्या शेजारी भरतीच्या पाण्यावर चालणारी जुनी गिरणी, आणि मग एम४ धरून चेपस्टो. आदल्या दिवसापासून पाऊस लागला असेल तर केरू सोडा आणि वाटेत कार्डिफजवळ केअरफिली करा. यादीतून तो काढताना मला वाईट वाटलं. १२६८ साली सुरू झालेला, वेल्समधला सर्वांत मोठा किल्ला, भोवती तळी आणि एक बुरूज कित्येक अंश कललेला. पण तो समुद्रापासून आत आहे, आणि तुम्ही मागितलेल्या सहलीत बसत नाही.

आता गाडी. ब्रिटनमध्ये भारतीय परवान्यावर १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. तरी आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा, काही भाडेकंपन्या काउंटरवर तो मागतात. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं. सासऱ्यांचं कार्ड पुढे केलंत तर चालणार नाही. दुसऱ्या चालकाचं नाव करारात घालून घ्या. ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच बुक करा, इथे बिनसांगता गिअरची गाडी मिळते. मोठी एसयूव्ही घेऊ नका. पेम्ब्रुकशरच्या गल्ल्यांना दोन्ही बाजूंनी झुडपांचे उंच बांध असतात, आणि गाडी जितकी रुंद तितका डावा आरसा धोक्यात. विम्यात नुकसानीची पहिली रक्कम तुमच्या माथी असते, आणि काच, टायर आणि गाडीचा तळ बहुतेकदा वगळलेला असतो. ते वाचून मगच सही करा. गाडी घेताना चारही चाकांच्या रिमांसकट व्हिडिओ काढा. एकदा एका काउंटरवर माझ्याकडून जुन्याच ओरखड्याचे पैसे घेतले, कारण माझ्या फोटोंत दारं होती, चाकं नव्हती.

रस्त्याची डावी बाजू आणि उजवीकडचं स्टिअरिंग ओळखीचं आहे, म्हणून पहिल्या तासात माणूस निर्धास्त होतो. फरक बारीक जागी आहे. गोलचक्करावर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि हे इथे सगळे पाळतात. हॉर्न जवळपास विसरायचा. आणि समोरच्याने दिवे चमकवले तर आपल्याकडे त्याचा अर्थ 'बाजूला हो, मी येतोय'. इथे बहुतेक लोक त्यातून 'तुम्ही या' म्हणतात. नियमांच्या पुस्तकात त्याचा अर्थ फक्त 'मी इथे आहे' एवढाच आहे, तेव्हा खात्री करूनच निघा. एकाच गाडीच्या रुंदीच्या रस्त्यावर गाडी बाजूला घ्यायला ठेवलेली जागा डावीकडे असेल तर तिच्यात शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबायचं, समोरच्याला तिथे वळू द्यायचं. जो जागेच्या जवळ तो मागे घेतो. जाताना स्टिअरिंगवरून एक हात उचलला की आभार झाले.

रस्त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'स्लो'च्या शेजारी आणखी एक शब्द दिसेल, त्याचा उच्चार 'अरव्'. वेल्शमध्ये तेच, सावकाश. वेल्शमध्ये एकेरी एफचा उच्चार 'व' होतो, आणि हार्लेखचा शेवट आपल्या 'ख'च्या जवळचा. तुमची जीभ इथे इंग्रजांपेक्षा बरी चालेल.

तिकिटांचं: कॉनवी, बोमॅरिस, कर्नार्वन, हार्लेख आणि चेपस्टो हे पाच 'कडू' या सरकारी संस्थेकडे आहेत. 'कडू' म्हणजे वेल्शमध्ये जपणं. त्यांचा एक्सप्लोरर पास १४ दिवसांतल्या कुठल्याही ७ दिवसांसाठी मिळतो, आणि तुमच्या आराखड्यात कुटुंबासाठी तोच स्वस्त पडायची शक्यता जास्त. पेम्ब्रुक आणि केरू त्यात येत नाहीत, त्यांची तिकिटं वेगळी.

शेवटच्या दिवशी चेपस्टोचा किल्ला सकाळी उघडताच गाठा. वाय नदीवरच्या कड्यावर १०६७ साली सुरू झालेला, म्हणजे तुमच्या यादीतला सर्वांत जुना. बाराव्या शतकाच्या अखेरचे त्याचे लाकडी दरवाजे आत ठेवलेले आहेत, आणि तळघराला नदीच्या अगदी वर एक तोंड आहे, खालच्या होड्यांमधून पिंपं दोराने ओढून घ्यायला. तिथून हीथ्रो दोन-सव्वादोन तास. सेव्हर्नच्या पुलांवरचा टोल डिसेंबर २०१८मध्ये बंद झाला, जुन्या माहितीत अजून लिहिलेला दिसेल. फार वारा असला तर चेपस्टोजवळचा १९६६चा झुलता पूल बंद ठेवतात, मग थोडा वळसा घेऊन दुसऱ्या पुलाने जा. गाडी परत करायला आणि टाकी भरायला तासभर वेगळा धरा. हे सगळं विमान संध्याकाळी सहानंतरचं असेल तरच. दुपारचं असेल तर चेपस्टो आदल्या दिवशी तीनच्या आत पोचून करा, आणि त्यासाठी केरू सोडा.